चार नंबरचा चिंचोका

आई, तुझ्या धाकट्या मुलीच्या मुलीचं लग्न ठरलं आहे आणि पत्रिकेत तुझं नाव नाही. बाबांचं आहे, नावाआधी 'कै.' लावून, गणपतीच्या खालोखाल. मुलाकडच्या आजी-आजोबांची सगळी नावं आहेत. त्यातली एक आजी तर अजून धडधाकट आहे. तुझी जागा मोकळी सोडलेली नाही. ओळी अशा बसवल्या आहेत की तिथं आणखी कुणी असायला हवं होतं हे कुणाच्या लक्षातही येऊ नये. प्रेस इथं क्रांती चौकाजवळ, म्हणून कच्ची प्रत तपासायचं काम माझ्याकडं. ती प्रत फोनवर आली तेव्हा मी लगेच जालन्याला धाकटीला फोन लावला आणि एक नाव राहिलंय म्हटलं. राहिलेलं नाही, ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला घालावंसं वाटत असेल तर घाल, ताई, मी अडवणार नाही. पण मला कारण सांग." प्रेसवाल्यानं पाचपर्यंत बदल कळवायला सांगितलंय. आता अडीच वाजले आहेत, शनिवार आहे, घरात कुणी नाही. कारण माझ्यापाशी आहे. म्हणून फोन करायच्या ऐवजी हे लिहीत बसले आहे.

मी काय काम करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारायचीस, मी "कंपनीत" म्हणून मोकळी व्हायचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात आम्ही यंत्रांची कंट्रोल पॅनेलं बनवतो. त्यांच्या आत चालणारे प्रोग्राम मी लिहायचे. आता बहुतेक दुसऱ्यांचे तपासते. हे प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन संपणारे नसतात. ते बसून असतात, ओसरीवर बसलेल्या माणसासारखे. दार उघडलं, बटण दाबलं, तापमान चढलं, की उठायचं, त्यासाठी ठरवून दिलेलं काम करायचं, पुन्हा येऊन बसायचं. काही कामं त्यांना वेळ घालूनही सोपवता येतात: दोन मिनिटांनी हे कर. टाइमर लावणं म्हणतात त्याला. टाइमर लावला की प्रोग्राम आपल्या हातात एक आकडा ठेवतो. दोन मिनिटांच्या आत आपला विचार बदलला तर तो आकडा परत द्यायचा, की ते काम रद्द. आकडा हरवला तर रद्द करायला दुसरी वाट नाही. वेळ झाली की ते काम होणार, त्याची गरज उरलेली असो की नसो. नव्या माणसाच्या डोक्यात हे बसायला चार दिवस जातात. मला पहिल्या नोकरीत हे सांगितलं गेलं तेव्हा मी मान हलवली आणि पुढं काय म्हणून विचारलं. शिकवणारे साहेब चकित झाले. आधी कुठं शिकलात, म्हणाले. मी म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरात.

बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, मिठाच्या बरणीशेजारी. आत बारा चिंचोके. दाभण तापवून तू प्रत्येकावर आकडा डागला होतास, एक ते बारा. चौकटीच्या खिळ्याला पाटी. आमचं काही चुकलं तर तू तिथल्या तिथं हात उचलायची नाहीस. डब्यातून एक चिंचोका काढून आमच्या तळहातावर ठेवायचीस आणि पाटीवर लिहायचीस: आकडा, कोण, कुठली शिक्षा, किती वाजता. वेळ बहुतेक संध्याकाळी सातची, देवापुढं दिवा लावून झाल्यावरची. सातच्या आत चिंचोका परत आणायचा, काय केलं ते एका वाक्यात सांगायचं, रडायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. मग तू बोट ओलं करून पाटीवरची ओळ पुसायचीस आणि विषय संपायचा. तो तू पुन्हा कधीच उगाळला नाहीस, एवढं मी तुझ्या बाजूनं मान्य करते. चिंचोका आला नाही तर सातला पाटीवर लिहिलेलं व्हायचं. तुझे वडील संतापले की हाताला लागेल ते फेकून मारायचे. तुझ्या भुवईत त्याची खूण होती. आपल्या घरात रागाच्या भरात कुणी कुणाला मारणार नाही असं तू ठरवलं होतंस. गल्लीतल्या बायका तुझं नाव काढायच्या. "लई शांत बाई," म्हणायच्या, "आवाज नाय तिचा." आवाज नव्हताच. सकाळी आठला हातात पडलेला चिंचोका दप्तरात घालून सहा तास शाळेत बसणं काय असतं, ते त्या बायकांना ठाऊक नव्हतं. तुझ्या वडिलांनी फेकलेला तांब्या एकदाच लागत असेल.

आणि सात म्हणजे सात असंही नव्हतं. सातच्या आधी नाही, इतकंच पक्कं. सात वाजल्यावर तुझे हात रिकामे झाले की. एकदा बाबांच्या कचेरीतलं एक जोडपं आलं आणि सव्वाआठपर्यंत हललं नाही. तू त्यांना दुसऱ्यांदा चहा दिलास, पोहे केलेस, त्यांच्या सुनेची गाऱ्हाणी शांतपणे ऐकलीस. मी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी होते आणि ते जावेत म्हणून देवाला विनवत होते. शिक्षा टळावी म्हणून नव्हे, एकदाची होऊन जावी म्हणून. यंत्राचंही असंच असतं. दोन मिनिटांचा टाइमर म्हणजे दोन मिनिटांच्या आत नाही. त्यानंतर, हातातलं काम उरकलं की. आमचे नवे लोक याला बिघाड समजतात आणि माझ्याकडं तक्रार घेऊन येतात. मी त्यांना सांगते, यंत्रानं तुम्हाला वेळेवर येण्याचं वचन दिलेलं नाही, लवकर न येण्याचं दिलंय.

या मंगळवारी एक खरा बिघाड झाला. रंग भाजायची भट्टी. दार उघडलं की टाइमर लावायचा. दोन मिनिटांत दार बंद झालं नाही तर भट्टी बंद. दार वेळेत बंद झालं की टाइमर रद्द. प्रोग्राम लिहिणारा चाळिशीचा माणूस, इलेक्ट्रिकलमधून आमच्याकडं आलेला, मिशा पिकायला लागलेल्या. त्यानं आकडा जपून ठेवला होता, पण एकाच जागी. कामगारानं दार उघडलं, अर्धवट लोटलं, पुन्हा उघडलं. उघडण्याची घटना दोनदा झाली, दोन टाइमर लागले, आणि दुसरा आकडा पहिल्यावर लिहिला गेला. दार बंद झाल्यावर दुसरा रद्द झाला. पहिला कुणाच्याच हातात नव्हता. तो त्याच्या वेळेला आला आणि दार नीट बंद असताना त्यानं भट्टी विझवली. आतला सगळा माल कच्चा राहिला.

सकाळी अकराला मला हे कळलं. त्याला बोलावून दोन मिनिटांत समजावता आलं असतं. मी म्हटलं, चार वाजता सगळ्यांसमोर बोलू. तो दिवसभर जागेवर बसून होता. त्यानं जेवणाचा डबा उघडला नाही हे मी माझ्या काचेतून पाहिलं, आणि मला बरं वाटलं. हे मी तुला सांगतेय, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. चारला मी फळ्यापाशी उभी राहिले आणि दर वर्षी नव्या लोकांना सांगते तसं तुझ्या चिंचोक्यांचं सांगितलं. आमच्याकडं ते प्रसिद्ध आहेत. डबा, पाटी, सातची वेळ. आधीचा चिंचोका वसूल झाल्याशिवाय त्या जागी दुसरा ठेवायचा नाही, हे तुमच्यापेक्षा माझ्या अकरा वर्षांच्या डोक्याला जास्त कळत होतं, असं मी त्याच्याकडं बघून म्हटलं. लोक हसले. तोही हसला, माणूस वाईट नाही. मग त्यानं हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि विचारलं, "मॅडम, लेकराकडून चिंचोका हरवला तर?"

तर रद्द होत नाही, मी म्हटलं. तेच तर सांगतेय मघापासून.

"ते मशीनचं झालं," तो म्हणाला. "मी घरचं विचारायलोय. लेकरू समोर येऊन सांगायलंय की हरवला म्हणून. तर सोडून द्यायचं की. आई काय मशीन हाय का?"

पुन्हा सगळे हसले. मी त्याला खाली बसायला सांगितलं आणि मालाच्या नुकसानीचा अहवाल त्याच्या नावानं लिहायला लावला. मंगळवारपासून आजपर्यंत त्याचं ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही. आणि आज ही पत्रिका.

तो रविवार होता. मी अकरा वर्षांची, धाकटी आठ. रविवारी तू आमचे केस धुवायचीस, त्याआधी माक्याचं तेल कोमट करून लावायचीस. माझे केस टायफॉइडनंतर विरळ झालेले, मानेपाशी कापलेले; माझं दोन मिनिटांत व्हायचं. मग ती तुझ्या पुढ्यात बसायची. तिचे केस कमरेच्या खाली. तू बट बट वेगळी करून मुळाशी बोटं फिरवायचीस आणि गुणगुणायचीस. तू गुणगुणतेस हे बाहेर कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी भाजी निवडायला बसवलेली असायचे, तिथून ऐकायचे. त्या रविवारी मात्र तू तेल तापवायच्या आधी ट्रंक उघडलीस, आणि तुझ्या आईच्या हिमरू शालीचा एक कोपरा गेलेला दिसला, हातभर. तो धाकटीच्या बाहुलीच्या अंगावर निघाला. तू ओरडली नाहीस. शालीची घडी घातलीस, डबा उघडलास, चार नंबरचा चिंचोका तिच्या हातावर ठेवलास आणि पाटीवर लिहिलंस: चार, धाकटी, वेणी, सात. शालीला कात्री लागली, वेणीला लागेल, इतकंच म्हणालीस. मग तेल तापवलंस आणि दर रविवारसारखं तिला पुढ्यात घेऊन लावलंस. तेही अर्धा तास. फक्त गुणगुणली नाहीस. आज आठवलं की त्यातलं हे तेल लावणंच मला सगळ्यात भयंकर वाटतं.

सातला अजून खूप वेळ होता. तिला फक्त चिंचोका परत करून एक वाक्य म्हणायचं होतं, पण ते तिला न रडता म्हणता येईना. "मी आजीच्या" इथपर्यंत यायची आणि ओठ थरथरायला लागायचे. मागच्या अंगणात हौदापाशी मी तिची तालीम घेत होते. मी मोठी, मी शहाणी. तुझी पद्धत मला तुझ्याइतकीच येत होती. पुन्हा म्हण, रडायचं नाय, पुन्हा. चिंचोका तिच्या मुठीत घामानं ओला झाला म्हणून मी म्हटलं, कंपासपेटीत ठेव, हरवेल. तिनं माझ्यासमोर तो पेटीत ठेवला. दुपारी ती रडून रडून झोपली तेव्हा मी पेटी उघडून तो घेतला. कुणाच्या चिथावणीनं नाही, कुठल्या भांडणातून नाही. तिचे केस जावेत असं मला वाटत होतं आणि ते घडायला फक्त एक वस्तू जागेवर नसायला हवी होती. मला काही करायचंच नव्हतं. जे करायचं ते तू पाटीवर लिहून ठेवलं होतंस.

ती साडेपाचला उठली. सहाच्या सुमाराला पहिल्यांदा तिनं ते वाक्य कोरड्या डोळ्यांनी म्हटलं, मला म्हणून दाखवलं, आणि हसत पेटी उघडायला गेली. पुढचा अर्धा तास मी तिच्याबरोबर चिंचोका शोधला. पलंगाखाली, दप्तरात, हौदाच्या कडेला. तोंडात होता तो माझ्या, गालाच्या आत. तिनं विचारलेल्याला मी नुसती मान हलवत होते. बाबा बाहेरून आले, पाटी वाचली, तुझ्याकडं पाहिलं. तू पोळ्या लाटत होतीस. त्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या आणि फिरायला गेले. साडेसहा वाजून गेल्यावर ती तुझ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि चिंचोक्याशिवायच म्हणाली, "मी आजीच्या शालीचा कोपरा कापला." रडली नाही. आवाज स्वच्छ होता. एवढं नीट वाक्य त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं.

तू लाटणं थांबवलं नाहीस. "चिंचोका?" म्हणालीस.

"सापडत नाय."

"मग मला काही सांगू नको. चिंचोका आण."

मग तू माझ्याकडं वळून विचारलंस, तुला दिसला का. मी नाही अशी मान हलवली. तू माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिलीस. तोंड उघड म्हणाली असतीस तर सगळं तिथंच संपलं असतं. पण एकीच्या चिंचोक्यासाठी दुसरीचं तोंड तपासायचं, हे तुझ्या नियमात नव्हतं.

दिवा लागला. पाहुणे कुणी आले नाहीत. तू तिला पाटावर बसवलंस, केस विंचरलेस, घट्ट वेणी घातलीस, खाली टोकाशी आणि वर मानेपाशी दोऱ्यानं बांधलीस, सुटू नये म्हणून. शिवणाची कात्री होती, केसांची नव्हे. एका दमात होईना. चार वेळा दाबावी लागली. ती हलली नाही. तू वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत शालीवर ठेवलीस, आणि पाटी पुसलीस. मग पानं घेतलीस. मेथीची भाजी होती. मी जेवायच्या आधी परसात जाऊन चिंचोका तोंडातून काढून फ्रॉकच्या खिशात टाकला होता. भूक लागली होती. मी नेहमीपेक्षा एक पोळी जास्त खाल्ली.

इथवरचं तुला कदाचित नवीन असेल. पुढचं नाही. त्या संध्याकाळी तू डबा मोजला असणार, तू मोजल्याशिवाय राहणारी नव्हतीस, आणि अकरा भरले असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी चारचा चिंचोका डब्यात परत टाकला. मला वाटलं, नुसता सापडला असं होईल. तू ओल्या केसांनी आलीस, चहाचं आधण ठेवलंस, साखर घ्यायला मिठाच्या बरणीपलीकडं हात गेला, आणि डबा जरासा सरकलेला दिसल्यावर तू तो उघडलास. मी दारात उभी होते. तू सगळे ओतून मोजलेस. बारा. चारचा उचलून उजेडात धरलास. तो एका बाजूनं फुगला होता, रंग उतरला होता. मग तू माझ्याकडं पाहिलंस. धाकटी आतल्या खोलीत शाळेला निघायची तयारी करत होती, डोक्याला रुमाल बांधून. तुझ्या एका हाकेच्या अंतरावर होती. तू चिंचोके डब्यात भरलेस, झाकण दाबून लावलंस आणि मला विचारलंस, दूध घेतलंस का.

तीस वर्षं आपण दोघींनी ते झाकण धरून ठेवलं. मला शिक्षा झाली नाही. ती करायची तर धाकटीला सांगावं लागलं असतं, की तुझ्या पद्धतीत खोट निघाली, की ती खरं बोलत असताना तू तिचे केस कापलेस. ते तुला परवडणारं नव्हतं. मला तू दहावीला घड्याळ घेऊन दिलंस. सगळे नातेवाईक मुलीला कशाला म्हणत असताना इंजिनीअरिंगला घातलंस, फॉर्म भरायला स्वतः आलीस. लोक म्हणायचे, थोरलीवर जीव आहे तिचा. मी ते ऐकायचे आणि मनात म्हणायचे, जीव नाही, आम्ही दोघी एकाच कामात होतो.

तिनं तुला पुन्हा आई म्हणून हाक मारली नाही. तुझ्या ध्यानात कधी आलं? मला आठ दिवसांत आलं. काही हवं असलं की ती तुझ्याजवळ चालत यायची, समोर उभी राहायची आणि बोलायची. लांबून हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही. मोठी झाल्यावर तुझ्याबद्दल "त्या" म्हणायला लागली. त्यांना विचार, चहा घेणार का. केस तिनं पुन्हा वाढवले नाहीत. तू शेवटचे सात महिने माझ्याकडं, इथं गारखेड्याला होतीस, तेव्हा ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा तुझ्या पायाशी बसून सांभाळणाऱ्या बाईशी बोलून गेली. त्यांना भात मऊ देत जा. ती गेल्यावर तू मला विचारायचीस, मला कुणी हाक मारली का गं? मी म्हणायचे, नाही. खोटं बोलायची गरज नव्हती. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. ट्रंक मी उघडली. वेणी आणि शाल तिला दाखवली. टाकून दे, म्हणाली. टाकली.

मंगळवारपासून मी तुझ्याशी भांडतेय ते एवढ्यासाठी. चिंचोका मी घेतला, कात्री तू चालवलीस. यंत्राला आकड्याशिवाय ऐकू येत नाही, कारण त्याला कानच दिलेले नसतात. त्याच्यापुढं कुणी येऊन उभं राहत नाही. तुझ्यापुढं ती उभी होती, आणि तुला तिचं वाक्य शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. अकरा वर्षांच्या पोरीनं नीचपणा केला, पोरी करतात. तुझं वय चौतीस होतं. आमच्या खात्यातल्या एका मिशीवाल्या माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते तुला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पोळी लाटताना तुझा हात जरा जड झाला होता, ती पोळी फाटली होती. तरी तू नियमाकडं बघितलंस, पोरीकडं नाही, आणि त्याला न्याय म्हणालीस. त्यामुळं पत्रिकेत तुझं नाव नाही हे योग्यच आहे, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतेय.

पण ते तसंही नाही. तिला वाटतं चिंचोका तिनंच हरवला. पन्नाशी उलटली तरी वाटतं. घरात काही सापडेनासं झालं की तिचे हात गार पडतात, तिच्या मुलीनं मला सांगितलंय. आणि तिला वाटतं, माझ्या हातून एवढीशी वस्तू हरवली म्हणून त्यांनी माझे केस कापले. यातलं निम्मं खोटं आहे, आणि ते तिच्यापुढं खोडायचं झालं तर तुझ्याआधी माझं नाव घ्यावं लागेल. तिला नवरा नाही. कन्यादानाला मी आणि माझा नवरा बसणार आहोत. पत्रिकेत खाली निमंत्रकांत पहिलं नाव माझं आहे. ती चारचौघांत सांगते, त्या घरात ताई होती म्हणून मी तगले. चिंचोका शोधायला त्या दिवशी एकटी ताईच माझ्याबरोबर होती, असंही सांगते. तिनं कारण मागितलंय. दुसरं कुठलंही कारण दिलं तरी तिला चालेल, ती माझ्यावर विश्वास ठेवते. वय झालं, झालं गेलं विसर, लोक काय म्हणतील, असं काहीही. तीन तास झाले, तसलं एकही वाक्य मला बोलवलं नाही. खरं वाक्य मात्र मला पाठ आहे. एकच ओळ आहे, त्यात कारण नाही, आणि मी ते न रडता म्हणू शकते. कोरड्या डोळ्यांनी म्हणायला मी तिला शिकवलं होतं.

मधे तिचा मेसेज आला: कळवलंस का प्रेसला? मी लिहिलं, हो. कळवलेलं नाही, न कळवलं की पत्रिका आहे तशीच छापली जाते. आता पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली आहेत. हे कागद मी फाडणार नाही, कपाटात विम्याच्या फाइलीत ठेवणार आहे. तिथं आमच्या घरात कुणी हात घालत नाही. उद्या तिनं पुन्हा विषय काढला तर म्हणेन, बघ ना, मी कळवलं तोवर पाच वाजून गेले होते.

प्रेसवाला सहाच्या आधी छापायला घेत नाही. सकाळीच मी त्याला विचारून घेतलं होतं.